ठेका देणे

आमच्या इंदुरात ‘ठेका देणे’ या बोलीचे दोन अर्थ आहेत. पुण्याकडची मंडळी ज्याला कंत्राट म्हणतात त्याला आपण माळव्यातले लोक ठेका म्हणतो. आणि तबलजी गवयाच्या मागे बसून जो देतो तोही ठेकाच. माझे पोट या दुसऱ्या ठेक्यावर चालते. परंतु २०२५च्या पावसाळ्यापासून पहिल्या ठेक्याचा विचार माझा पिच्छा सोडीत नाही, आणि त्याला कारण झाला एक उंदीर.

माझे वडील होळकर दरबारचे पखवाजिये होते. संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती, आणि मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. नाना पानशांच्या गावात पखवाज वाजवावयाचा म्हणजे जबाबदारी मोठी, असे ते म्हणत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते हे वाचकांस ठाऊक असेलच. वाजवून झाले की ती कणीक खरवडून, तोंड पुसून, गवसणी घातल्याशिवाय वडील पाण्याचा घोटही घेत नसत. “कणीक राहिली तर रात्री उंदीर येणार, आणि त्याला दोष देता येणार नाही,” असे ते सांगत.

मी ज्या संगीतशाळेत शिकवतो ती सरकारी मदतीवर चालते. तिथे पूर्वी झाडलोटीला शाळेचा स्वतःचा माणूस होता. तो निवृत्त झाल्यावर जागा भरली गेली नाही आणि सफाईचा ठेका देण्यात आला. ठेक्याच्या कागदात इमारतीचे क्षेत्रफळ चौरस फुटांत लिहिलेले आहे. किती फूट फरशी रोज झाडावयाची, किती पुसावयाची, आठवड्यातून काचा किती वेळा, सारे बिनचूक. मात्र वाद्यांची खोली त्या कागदावर ‘भांडार’ म्हणून पडली, आणि भांडाराची सफाई ठेक्यात धरलेली नव्हती. ठेकेदाराकडून येणारी एक बाई तरीही, कोणी न सांगता, आठवड्यातून एकदा तानपुऱ्यांच्या भोपळ्यांवरून कोरडे फडके फिरवीत असे आणि पखवाजाला कणीक राहिली असेल तर मला हाक मारून दाखवीत असे. वर्ष संपले, ठेका दुसऱ्याला गेला, नव्या ठेकेदाराने तिला दुसऱ्या कचेरीत धाडले. नागपंचमी उलटल्यावर एके सकाळी मी कपाट उघडले तो वडिलांच्या पखवाजाची डावी पुडी अर्धी कुरतडलेली. विद्यार्थ्याने कणीक तशीच ठेवली होती.

मी रागाने ठेकेदाराच्या माणसाला बोलावले. त्याने शांतपणे कागद पुढे केला. भांडार ठेक्यात नाही. मग दुसरा कागद पुढे केला. ‘या महिन्यात सफाईचे काम समाधानकारक झाले’ असे ते प्रमाणपत्र, आणि त्याखाली सही माझी. मुख्याध्यापक रजेवर असले की महिनाअखेरीस ती सही मी करीत असे. तीन महिन्यांच्या तीन सह्या होत्या. एकदाही मी खोल्या फिरून पाहिल्या नव्हत्या. बाई का येत नाही हे विचारले नव्हते. तिच्या हातावर पगार किती पडतो हेही मला माहीत नव्हते, आणि त्या कागदात ‘कामगारांस पूर्ण वेतन पोहोचले’ असे एक वाक्य माझ्या सहीच्या वरच होते.

आमच्या उंदराने फक्त कातडे खाल्ले. पण त्याच ऑगस्टच्या अखेरीस, याच शहरात, महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दोन नवजात अर्भकांना उंदरांनी चावे घेतले, आणि दोन्ही अर्भके काही दिवसांतच दगावली. मृत्यूचे कारण जन्मजात गंभीर आजार होते असे रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आले. असेलही, वैद्यकाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु काचेच्या पेटीत ठेवलेल्या लेकरापर्यंत उंदीर पोहोचला ही गोष्ट कोणालाच नाकारता आली नाही. उंदीर-झुरळांच्या बंदोबस्ताचे काम तिथेही ठेक्याने दिलेले होते. ठेकेदाराला एक लाख रुपये दंड झाला, परिचारिकांवर निलंबनाची कारवाई झाली, आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. दंड, निलंबन आणि चौकशी या तिन्ही गोष्टी पाहताना मला माझ्या तीन सह्या आठवत राहिल्या. तिथेही कोणीतरी दरमहा ‘समाधानकारक’ असे लिहीतच असणार.

सार्वजनिक इमारतींच्या झाडलोटीचा ठेका द्यावा की नाही हा प्रश्न आजचा नाही. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. त्याच्या आधारे केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ रोजी एक अधिसूचना काढून केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारती झाडणे, स्वच्छ करणे, धूळ पुसणे आणि राखणे या चार कामांना ठेक्याची बंदी केली. उंच इमारतींची बाहेरून सफाई करण्यास खास कसब लागते म्हणून तेवढे वगळले. राज्यांच्या कचेऱ्यांना ती बंदी लागू नव्हती. परंतु विचार स्पष्ट होता. जे काम बारमाही आहे आणि मालकाच्या डोळ्यांसमोर चालते, ते करणारा माणूस मालकाचाच असावा. पुढे १९९६च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की, बंदी झाल्यावर ठेक्यावरचे कामगार आपोआप मूळ मालकाचे नोकर होतात. पाचच वर्षांत, ३० ऑगस्ट २००१ रोजी, त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत फिरवले. प्रत्येक आस्थापनेचा स्वतंत्र विचार न करता सरसकट काढली म्हणून १९७६ची अधिसूचनाच त्यांनी रद्द ठरवली, आणि कामगार आपोआप कायम होत नाहीत असा निर्णय दिला.

आता चक्र पूर्ण फिरले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात ठेक्याला मनाई केली, आणि लगेच गाभ्याबाहेरच्या कामांची यादी दिली. त्या यादीत झाडणे, स्वच्छ करणे, धूळ पुसणे ही कामे आहेत. १९७६ साली हेच शब्द बंदीसाठी वापरले होते. आज ते परवानगीसाठी वापरले आहेत. शिवाय पूर्वी वीस कामगारांपासून लागू होणारे ठेक्यासंबंधीचे नियम आता पन्नासांपासून लागू होतात. आमच्या शाळेत तीन बाया येतात. त्यांच्यापर्यंत ते नियम पोहोचतील कसे?

एका गोष्टीवर मात्र जुना कायदा आणि नवी संहिता यांचे एकमत आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणजे ठेका दिल्याने काम दुसऱ्याकडे जाते, जबाबदारी जात नाही.

ठेक्याचे गणितही समजून घेतले पाहिजे. वेतनाचा किमान दर सरकार ठरवते. मालकाने भरावयाचा भविष्यनिधीचा हिस्सा शेकडा १२, राज्य विम्याचा सव्वातीन, हेही ठरलेले. तेव्हा प्रामाणिक निविदा भरणाऱ्या सर्वांचे आकडे जवळजवळ सारखेच यावयास हवेत. फरक पडेल तो ठेकेदाराच्या स्वतःच्या मेहनतान्यात. ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याला काम. त्यात सरकारी बिल दोनदोन महिने अडकते. एवढ्या तुटपुंज्या मेहनतान्यावर जो माणूस हे काम आनंदाने घेतो, तो आपला मेळ कुठे बसवीत असेल? जागा तीनच आहेत. दहा माणसांच्या ठिकाणी सात आणावीत, फिनेलात पाणी घालावे, किंवा बाईच्या खात्यात भरलेल्या पगारातला काही भाग तिच्याकडून रोखीने परत घ्यावा. आमच्या शाळेतल्या नव्या बाईला मी अखेर विचारले. ती आधी हसली, मग म्हणाली, “सर, हे कागदावर लिहू नका.” म्हणून कोणत्या जागी मेळ बसला ते मीही लिहीत नाही.

यावर आपल्या जुन्या घरांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो: “होळकरशाहीत असे नव्हते.” मलाही तो मोह होतो. मराठी राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने मोजीत, त्यांत नगारखाना होता आणि फरासखानाही होता. वाजवणारा आणि जाजम अंथरून झाडणारा एकाच यादीत बसत. वडील सांगत की, बैठकीआधी फरास बिछायतीची सुरकुती काढीत असताना वादकाने पाय ठेवला तर तो वादकाला दटावीत असे, आणि वादक ऐकत. पण वडीलच पुढे हेही सांगत की, बिछायत झाडणारा फरास वेगळा आणि शौचकूप साफ करणारा वेगळा. त्या दुसऱ्याचे नाव कोणाला माहीत नव्हते, आणि बैठक ऐकावयास तो कधी दारापर्यंतही आला नाही. हे दुसरे काम एका जातीच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले. स्वातंत्र्यानंतर पालिकांतून कायम नोकऱ्या, भविष्यनिधी आणि निवृत्तिवेतन आले तेव्हा त्या घरांतली मुले प्रथमच शाळेत टिकली. नेमक्या त्याच जागा ठेक्यात गेल्या. काम त्याच वस्तीत राहिले, पेन्शन तेवढी गेली. कायम माणूस कामचुकारपणा करीत नसे असे मी म्हणणार नाही. आमच्या शाळेचाच जुना माणूस दिवाळीनंतर पंधरा दिवस दिसत नसे. पण तो दिसत नाही हे आम्हांस समजत होते.

या शहराला स्वच्छतेचा एक फार चांगला धडा शंभर वर्षांपूर्वी मिळाला आहे. तुकोजीराव महाराजांच्या काळात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदुरात आले. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनी महाराजांकडून एक दिवसाचे राज्य मागून घेतले आणि जाहीर केले की, दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या वाटेने न जाता ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून जाईल. सारे शहर झाडू घेऊन उठले. त्या मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. शेवटी दोघांचे दहन झाले. आणि त्याच मिरवणुकीत शहराचे झाडूवाले पांढऱ्या स्वच्छ पोशाखात, गळ्यात हार घालून, मानाने चालत होते. माझ्या आजोबांनी ती मिरवणूक पाहिली होती. उंदराचे सोंग पाहून मुले किंचाळली, पण मोठी माणसे झाडूवाल्यांच्या हारांकडे बघून गप्प झाली, असे ते सांगत.

गेडिस यांचे मर्म आपण रस्त्यांच्या बाबतीत पुन्हा ओळखले. खासगी ठेक्याची जुनी घडी मोडून पालिकेने घरोघरचा कचरा उचलण्याचे काम आपल्या यंत्रणेकडे घेतले, पहाटे अधिकारी रस्त्यावर उभे राहू लागले, आणि २०१७ पासून स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणीत इंदूर सतत अग्रभागी राहिले. जुलै २०२५ मध्ये हा मान आठव्यांदा मिळाला. खासगी हात मुळातच वाईट असतात असेही नाही. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा कारखाना १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला, तो खासगी भागीदारीतलाच. तिथे किती टन कचरा आत गेला आणि किती वायू बाहेर आला हे काट्यावर दिसते. इमारतीच्या आतल्या सफाईला असा काटा नाही. तिथे काटा म्हणजे रोज त्या इमारतीत वावरणाऱ्या माणसाचे डोळे, आणि ठेका देताना आपण प्रथम तेच मिटतो. रस्ता सर्वांना दिसतो म्हणून झळकला. रुग्णालयाचे भुयार आणि शाळेचे भांडार कोणाला दिसत नाही.

तेव्हा करावयाचे काय? कायदा आता ठेक्याच्या बाजूला आहे आणि तो उद्या बदलेल असे नाही. पण ठेक्याच्या कागदात फरशीच्या फुटांऐवजी खोल्यांची नावे लिहिता येतात. ठेकेदार बदलला तरी जुनी माणसे ठेवावीत अशी अट घालता येते. कमीत कमी आकड्याला भुलण्याआधी त्यात वेतन आणि भविष्यनिधी खरोखर बसतो का याचा हिशेब करता येतो. काम करणाऱ्यांची नावे दाराजवळच्या फळ्यावर लावता येतात. आणि ‘समाधानकारक’ या शब्दाखाली सही करणाऱ्याने आधी इमारत फिरावी, हा नियम करावयास तर कोणाची परवानगीही लागत नाही. हे मी केवळ सरकारला सांगत नाही. आपली सभागृहे, मंगल कार्यालये, गणेशोत्सवाची मंडळे यांचे विश्वस्त तुम्हीआम्हीच आहोत, आणि झाडलोटीचा ठेका तिथेही केव्हाच शिरला आहे. तिथे येणाऱ्या बाईचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

माझ्या धंद्यात ठेका देणारा माणूस गवयाची चीज संपेपर्यंत हात उचलीत नाही. ख्याल कितीही लांबो, समेवर गवई त्याच्याकडे पाहतो आणि तो हजर असतो. ठेका देऊन उठून गेलेला तबलजी मी आजवर पाहिलेला नाही.

पखवाजाची पुडी मी नवी मढवून घेतली. आवाज अजून पूर्वीसारखा लागत नाही. आता महिनाअखेरीस सहीच्या कागदाआधी मी किल्ल्या घेतो आणि नव्या बाईबरोबर सगळ्या खोल्या फिरतो. परवा भांडारात तिने डाव्या तोंडावरची वाळलेली कणीक नखाने खरवडून दाखवली आणि विचारले, “हे कशाला लावता?” मी वाजवून दाखवले. त्या महिन्याची सही मी दोन दिवस उशिरा केली, कारण तिचा पगार दोन दिवस उशिरा आला होता.