परसांतील मळा : आखाजीचें पाणी

माघ सरत आला, कीं ‘परसांत आतां काय काय लावावें?’ हा प्रश्न घरोघरीं निघतो. या खेपेस आम्ही त्याचें उत्तर थोड्या निराळ्या क्रमानें देणार आहों. ‘काय लावावें’ याच्या आधीं ‘किती लावावें’ हें ठरलें पाहिजे. आणि तें जागा पाहून नव्हे, तर पाणी पाहून ठरलें पाहिजे. हा धडा आम्ही गेल्या वर्षीं स्वतःच्या परसांत शिकलों. तो सांगण्यासारखा भूषणावह नाहीं. परंतु इतरांस उपयोगीं पडेल, म्हणून आधीं तोच सांगतों.

आमचें घर शहाद्याजवळ, तापीच्या उत्तरेस, काळ्याभोर जमिनींत आहे. घरामागें सहा गुंठे परस आणि तीन मीटर व्यासाची एक जुनी विहीर. गेल्या माघांत विहीर भरलेली दिसली, तेव्हां आम्हीं मोठ्या उत्साहानें सहाही गुंठ्यांत वाफे पाडले. आमच्या मातोश्री ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, माघांत विहीर कोणाचीही भरलेलीच असते. आखाजीचें पाणी डोळ्यांपुढें आण, आणि मग कुदळ हातीं घे.” आम्हीं तें हंसण्यावारी नेलें.

खानदेशांत अक्षय्य तृतीयेस आखाजी म्हणतात. आखाजी आली, लेकी माहेरीं आल्या, लिंबाला झोके बांधले गेले, आणि त्याच आठवड्यांत आमच्या विहिरीचा पंप गाळ ओढूं लागला. कोणता वाफा जगवावा आणि कोणता मरूं द्यावा, याचा निवाडा रोज सकाळीं करावा लागला. भेंडी गेली, काकडी गेली. सर्वांत दूरच्या कोपऱ्यांत दुधीचे वेल होते. त्याचें बीं मातोश्रींनीं लग्नानंतर प्रकाशें येथील आपल्या माहेराहून आणलेलें. तेव्हांपासून एकही वर्ष तें चुकलेलें नाहीं. आमच्या हावेपायीं तेंच बुडण्याची वेळ आली. अखेर एकच वेल राहिला. घरांतील सर्वांच्या आंघोळीचें पाणी, साबण न लावतां, त्या एका वेलास जाऊं लागलें. त्यास दोन दुधी धरले. घरांत पाहुण्यांची वर्दळ असूनही मातोश्रींनीं त्यांतील एकास विळी लागूं दिली नाहीं. तो वेलावरच वाळला, खुळखुळूं लागला, आणि आज स्वयंपाकघराच्या खुंटीस टांगलेला आहे. त्याच्याकडे पाहूनच हें लिहीत आहों.

आतां हिशेब. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भर उन्हाळ्यांत वाढलेल्या भाजीपाल्यास दिवसाला साधारण सहा ते सात मिलिमीटर पाणी लागतें. म्हणजे गुंठ्यास रोज ६०० ते ७०० लिटर. पंधरा लिटरच्या बादलीनें मोजल्यास या चाळीस ते सत्तेचाळीस बादल्या झाल्या. आमच्या सहा गुंठ्यांस रोज ४,००० लिटरांच्या आसपास पाणी हवें होतें!

विहीर मोजणें तितकेंच सोपें आहे. सायंकाळीं नेहमीप्रमाणें उपसा करून दोरीस दगड बांधून पातळीची खूण करावी. पहाटे पुन्हां पहावी. तीन मीटर व्यासाच्या विहिरींत पाणी दहा सेंटिमीटर चढलें, तर सुमारें ७०० लिटर पाणी आलें असें समजावें. म्हणजे एका गुंठ्याची एका दिवसाची बेगमी झाली. या माघांत आमची विहीर रात्रींतून पन्नास सेंटिमीटर चढली, म्हणजे सुमारें ३,५०० लिटर पाणी आलें. वैशाखांत याच्या निम्मेंच येईल असें आम्हीं धरलें. त्यांतून घरखर्चाचे ५०० लिटर वजा जातां १,२५० उरतात. म्हणून यंदा आमचा मळा पावणेदोन गुंठ्यांचा आहे. उरलेली जमीन नांगरून उन्हांत तापत ठेविली आहे. तापलेल्या जमिनींत कीड व तण मरतें, तेव्हां तीही वायां गेली असें नाहीं.

किती लावावें हें ठरलें, कीं केव्हां लावावें याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें : होळीपूर्वीं. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथें सातपुड्यांतील आदिवासी बांधवांची राजवाडी होळी पेटते, तोंवर आपल्या वेलांस चार-सहा पानें फुटलेलीं असावींत. चैत्रांत पेरलेलें बीं उगवतें खरें; परंतु ऐन फुलोरा चाळिशीपलीकडच्या उष्म्यांत सांपडतो. टोमॅटो व मिरची यांचीं फुलें अशा उन्हांत गळून पडतात. नंदुरबारची मिरची नांवाजलेली असली, तरी ती पावसाळ्यांत लावून हिंवाळ्यांत तोडावयाची आहे, हें विसरूं नये. मेथी व पालक यांचाही मोह या दिवसांत आवरावा. पानें होण्याआधींच त्यांस फुलोरा येतो. त्यांच्या जागीं तांदुळजा, राजगिरा व अंबाडी पेराव्या. कोथिंबीर हवीच असेल, तर शेवग्याच्या किंवा केळीच्या सावलींत एक लहान वाफा पुरे.

उन्हाळ्याचे खरे सोबती म्हणजे भेंडी, गवार आणि वेलभाज्या. भेंडीचें बीं रात्रभर भिजवून, दोन ओळींत दीड फूट व दोन झाडांत अर्धा फूट अंतर ठेवून टोकावें. ‘परभणी क्रांति’ हें वाण केवड्या रोगास दाद देत नाहीं, म्हणून घरच्या मळ्यास सोयीचें. दीड महिन्यांत भेंडी लागूं लागते. मग ती एक दिवसाआड न चुकतां तोडावी. झाडावर जून झालेली एक भेंडी पुढच्या चार भेंड्यांस आडवी येते. गवारीस ‘पुसा नवबहार’ चांगली. पाणी थोडें कमी पडलें, तरी ती तक्रार करीत नाहीं. दुधी, दोडके व कारलीं यांसाठीं तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव उभारावा, आणि त्याच्या सावलींत पालेभाजीचा वाफा धरावा. एकाच पाण्यावर दोन पिकें निघतात.

निगेंत पहिला मान आच्छादनाचा. काळी जमीन सुकली, कीं भेगाळते. आणि दिलेलें पाणी मुळांस न मिळतां त्या भेगांतून खोल निघून जातें. पालापाचोळा, उसाचें पाचट, केळीचीं वाळलीं पानें, जें मिळेल त्याचा चार बोटें थर रोपांभोवतीं द्यावा. मात्र खोडास तो चिकटूं देऊं नये. पाणी सायंकाळीं किंवा पहाटे द्यावें. ठिबकाच्या नळ्या असतील तर उत्तमच. नसतील तर मडकीं आहेत. झिलई नसलेलें मातीचें मडकें वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरून, भोंवतीं चार-पांच बिया लावाव्या, पाणी भरून तोंडावर झांकणी ठेवावी. पाणी पाझरत पाझरत थेट मुळांशीं पोंचतें. चीनमध्यें सुमारें २,००० वर्षांपूर्वीं रचलेल्या एका शेतीग्रंथांत हीच युक्ति सांगितलेली आहे. तिसरी गोष्ट वाऱ्याची. पश्चिमेच्या बाजूस मक्याची किंवा शेवरीची दाट ओळ असली, म्हणजे दुपारची झळ अडते.

वेलांविषयीं भगिनींची एक तक्रार नेहमीं असते : ‘फुलें येतात, पण फळ धरत नाहीं.’ सुरुवातीस बहुधा नरफुलेंच येतात, त्यानें घाबरूं नये. मादीफुलाच्या देठाशीं इवलेंसें फळ दिसतें, तें पुढें येतें. मधमाशा कमी असतील, तर नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. काकडी व कारलें सकाळीं फुलतें, दुधी व दोडका सायंकाळीं. तेव्हां ती वेळ साधावी. हें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. तीं एरवीं न खाल्ला जाणारा दोडकाही मग आवडीनें खातात.

कोंवळ्या वेलांवर तांबडे भुंगेरे आले, तर सकाळीं दंवांत चाळलेली राख भुरभुरावी. मावा व पांढरी माशी यांस निंबोळीचा अर्क चालतो : अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यांत भिजवावी, गाळून दहा लिटर करावें, आणि सायंकाळीं फवारावें. फळमाशीनें डंखलेलीं फळें वेलाखालीं टाकूं नयेत. तीं हातभर खोल पुरावीं, नाहीं तर पुढची पिढी तेथेंच निपजते.

असो. गेल्या सोमवारीं खुंटीवरचा दुधी उतरविला. मातोश्रींनीं तो स्वतः फोडला, भरदार बिया निवडल्या, आणि त्यांतील निम्म्याच आमच्या हातीं दिल्या. उरलेल्या राखेंत घोळून पुन्हां डब्यांत गेल्या. आम्हीं विचारलें, “आमच्यावर अजून भरंवसा नाहीं काय?” त्या म्हणाल्या, “तुझ्यावर आहे रे, विहिरीवर नाहीं.”

यंदा दुधीचे वेल कोपऱ्यांत नाहींत. ते विहिरीच्या अगदीं थारोळ्याशीं लावले आहेत.