नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' यांत एका मात्रेचें व एका अनुस्वाराचें अंतर आहे. पहिलें बारशाला होतें. दुसरें बारशाहून परततांना वाटेंत होतें. गेल्या वर्षीं आमच्या घरीं ह्या दोन्ही गोष्टी एकाच विषयावरून घडल्या. तो विषय मात्र पाळण्यांतल्या बाळाचा नव्हता. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करावयाच्या वाहिनीला नांव काय द्यावें, असा प्रश्न होता. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं कोणी कीर्तन, कोणी स्तोत्रपठण, कोणी पाकक्रिया अशा रीतीनें जगापुढें मांडीत असेल, किंवा मांडूं इच्छीत असेल. त्यांस आमची ठेंच उपयोगी पडावी, एवढ्याचसाठीं हा मजकूर.

आमच्या सौभाग्यवतीचें माहेर आमच्याच जिल्ह्यांतील गंगाखेडचें. गोदातीरीं वसलेलें हें गांव संत जनाबाईचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. जनाबाईचे अभंग आणि जात्यावरच्या ओव्या तिला आईकडून मिळाल्या. परभणीस आमच्या आळींतील पांचसात बायका दर एकादशीला आमच्याकडे जमतात व त्या गातात. धाकट्या चिरंजीवांनीं मोबाइल तिकाटण्यावर बसवून प्रक्षेपणाची सोय करून दिली. नांव सुचविण्याचें काम आमच्याकडे आलें. आलें म्हणण्यापेक्षां, तें आम्हीं ओढून घेतलें. जन्मभर मुलांना समास सोडवावयास शिकविलेल्या मनुष्यास समास बांधण्याची संधि मिळाली, तर ती तो सोडील काय? आम्हीं 'भक्तिसुधातरंगिणी' असें नांव सांगितलें, विग्रह करून दाखविला, आणि सर्व मंडळी गप्प बसल्यामुळें तें सर्वांस आवडलें असें गृहीत धरलें.

आषाढी एकादशीस पहिलें प्रक्षेपण झालें. आमची थोरली बहीण नांदेडला असते. ती दोन वर्षांपासून अंथरुणास खिळलेली आहे. सौभाग्यवतीचें गाणें ऐकावें ही तिची फार दिवसांची इच्छा. वाहिनीचें नांव आम्हीं तिला दूरध्वनीवर दोनदां सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं तिचा निरोप आला : "अरे, सकाळपासून शोधत होते. दुसऱ्याच बायका लागल्या. चांगल्या गात होत्या, नाही असं नाही. पण मला आपल्या घरचा आवाज ऐकायचा होता ना!" अक्का आमच्याहून दहा वर्षांनीं वडील. तिची ती आषाढी आमच्या समासापायीं वायां गेली.

मग आम्हीं ह्या विषयाचा थोडा अभ्यास केला. यूट्यूबवर वाहिनीला दोन नांवें असतात. एक दर्शनी नांव. तें देवनागरींत लिहितां येतें, आणि तेंच नांव दहा जणांनीं घेतलें तरी चालतें. दुसऱ्यास 'हँडल' म्हणतात. तें शेपटीच्या 'ॲट' चिन्हानें सुरू होतें, आणि एक हँडल सगळ्या जगांत एकाच वाहिनीचें असतें. ही पद्धति यूट्यूबनें २०२२ सालीं आणली. हँडल साधारणतः ३ ते ३० अक्षरांचें असावें लागतें, त्यांत मोकळी जागा चालत नाहीं, आणि लहानमोठ्या रोमन अक्षरांत भेद धरला जात नाहीं. तें बदलतां येतें, परंतु १४ दिवसांत दोनदांच. दर्शनी नांव हें दारावरची पाटी समजावें. हँडल म्हणजे पत्त्यांतला घर-क्रमांक.

आमची 'तरंगिणी' रोमन लिपींत वीस अक्षरांची भरली. म्हणजे नियमांत बसली. पण 'धा'मधला आकार एका 'ए'नें लिहावा कीं दोन? 'क्ति'मधला त 'टी'नें कीं 'टीएच'नें? शेवटचा ईकार 'आय'नें कीं दोन 'ई'नीं? तीन ठिकाणीं दोन दोन पर्याय, म्हणजे एका नांवाचीं आठ रूपें झालीं. अक्कानें त्यांतलें चुकीचें रूप लिहिलें हा तिचा दोष कसा म्हणावा? 'ज्ञानेश्वर' हें नांव घ्या. त्यांतला 'ज्ञ' मराठी मनुष्य 'डीएनवाय' असा लिहितो, हिंदी भाषिक 'जीवाय' असा, आणि संस्कृतज्ञ 'जेएन' असा. तेव्हां ज्या नांवांत ज्ञ, क्ष, ऋ, किंवा व-श यांची गर्दी आहे, तें हँडलास घेऊं नये. नांव ठरविण्यापूर्वीं घरांतल्या वडील मनुष्यास तें दूरध्वनीवर एकदांच सांगावें आणि काय लिहिलें तें विचारावें. तेथें उतरलें तर तें कोठेंही उतरेल. मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करावयास वाहिनीचे निदान ५० सदस्य असावे लागतात. आमचे पन्नास चिरंजीवांनीं मित्रांकडून दुवा पाठवून मिळविले. तेच आम्हीं तोंडीं नांव सांगून मिळविले असते, तर चूक वेळींच कळली असती.

लाजेची गोष्ट ही कीं, हें सर्व आम्हांस तोंडपाठ होतें. पारस्करगृह्यसूत्रांत मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें, आरंभीं घोष वर्ण व मध्यें अंतस्थ असलेलें असावें, असें सांगितलें आहे. पतंजलीनेंही महाभाष्याच्या आरंभीं, व्याकरण कां शिकावें हें सांगतांना, याज्ञिकांचा हा नियम दिला आहे. घोष म्हणजे ग, ज, द, ब यांसारखे नादयुक्त वर्ण. अंतस्थ म्हणजे य, र, ल, व. असें नांव दुरून हांक मारली तरी कानांत शिरतें. मनुस्मृतींत मुलींचीं नांवें सुखानें उच्चारतां येणारीं, स्पष्ट अर्थाचीं व मनोहर असावींत असें म्हटलें आहे. आमचें नांव आठ अक्षरांचें निघालें. आरंभींचा 'भ' मात्र घोष आहे, एवढेंच समाधान.

छोटें नांव शोधावयास जावें तर तें बहुधा कोणी तरी आधींच घेतलेलें असतें. मग त्यापुढें आंकडे जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. जन्मवर्ष, घर-क्रमांक किंवा दूरध्वनीचे आंकडे तर मुळींच घालूं नयेत; घरची माहिती चव्हाट्यावर कां मांडावी? शिवाय आंकडे कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. आमच्या परभणीच्या कृषि विद्यापीठानें काढलेलें रब्बी ज्वारीचें एक वाण आहे. कागदोपत्रीं त्याचें नांव एस. पी. व्ही. १४११; शेतकऱ्याच्या तोंडीं तें 'परभणी मोती'. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगास दाद न देणारें येथलेंच वाण 'परभणी क्रांति' म्हणून ओळखलें जातें. एका नांवांत गांव आहे, गुण आहे, आणि आंकडा नाहीं. उलट १९७२ सालीं स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचें स्वतःचें नांव आज 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ' असें आहे. तें एका दमांत संपत नाहीं, म्हणून लोकांनीं त्याचें 'वनामकृवि' केलें. लांब नांव आपण आंखूड केलें नाहीं तर लोक करतात, आणि तें त्यांच्या सोयीनें करतात.

आडनांव लावावें काय, हाही प्रश्न निघतो. परभणीच्या बाजारांत 'अहो कुलकर्णी' म्हणून हांक मारून पाहावी. किती माना वळतील! सातोना येथें १९१३ सालीं जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी यांनीं आडनांव गाळून, आपलें आद्याक्षर व वडिलांचें नांव जोडून 'बी. रघुनाथ' असें नांव केलें; कवितेसाठीं 'फुलारी' हेंही नांव घेतलें. ते १९५३ सालीं गेले, पण परभणींतील सभागृहावर आज 'बी. रघुनाथ' हीच अक्षरें आहेत.

परंतु ह्या विषयांतले खरे गुरु आमचे संत होत. थेट प्रक्षेपणांत श्रोता मध्येंच येतो आणि मध्येंच उठून जातो. कोण गात आहे हें त्यास पुन्हां पुन्हां कळावें लागतें. कीर्तनांतही तेंच होतें. संतांनीं अभंगाच्या शेवटीं आपली मुद्रा गुंफली, तिच्यामुळें उशिरां आलेल्यासही कवि कोण हें कळतें. 'तुका म्हणे' हीं अवघीं चार अक्षरें. 'एका जनार्दनी' म्हणतांना एकनाथांनीं आपल्या नांवाशीं गुरूचें नांव बांधलें. जनाबाई स्वतःस 'नामयाची दासी' किंवा 'दासी जनी' म्हणते. मी कोण आणि मी कोणाची, एवढेंच त्यांत आहे. नांव सारखें असल्यानें काय होतें, हेंही तेथेंच दिसतें. सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा याच्या रचना संत नामदेवांच्या रचनांत अशा मिसळल्या कीं, त्या निवडतांना अभ्यासकांस श्रम पडले. तुकोबांच्या शब्दांवर आपली मुद्रा घालणारा सालोमालो तर प्रसिद्धच आहे. म्हणून दुसऱ्याच्या गाजलेल्या नांवाशीं मिळतेंजुळतें नांव घेऊं नये. चुकून आलेला श्रोता चुकूनच जातो.

हें सर्व टिपण आम्हीं सौभाग्यवतीस वाचून दाखविलें. ती जोंधळा निवडीत होती. म्हणाली, "अहो, जनाबाईनं नावाला तुमची तरंगिणी लावली असती, तर ते ओवीत मावलं असतं का?" आम्हीं हंसलों, आणि विचारलें, "मग तूंच सांग." थोड्या वेळानें तिनें आपलें माहेरचें नांव सांगितलें. दोन अक्षरें.

तें नांव आम्हीं चाळीस वर्षांत ऐकलें नव्हतें. आमच्या लग्नांत, त्या वेळच्या रीतीप्रमाणें, ताटांत तांदूळ पसरून आम्हीं अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिलें. कालिदासाच्या एका नायिकेचें नांव होतें; सभामंडपांत त्याचें कौतुकही झालें. तिला आवडलें काय, हें कोणी विचारलें नाहीं, आणि आम्हींही नाहीं. पुढें आम्ही तिला हांक मारीत आलों ती 'अगं' अशीच. म्हणजे तांदुळांत लिहिलेलें तें नांव आमच्याही उपयोगाचें नव्हतें. तिचें स्वतःचें मात्र पुसलें गेलें. वाहिनीच्या वेळीं आम्हीं दुसऱ्यांदा तेंच केलें. मंडळी गप्प बसली होती. आम्हीं त्यास संमति समजलों.

तिच्या नांवापुढें गांवाचें नांव जोडलें, तें कोणी घेतलेलें नाहीं हें पाहिलें, आणि त्याच दिवशीं फेसबुकवरही तेंच घेतलें, म्हणजे शोधणारा दोन दारांत घोटाळूं नये. तें नांव येथें सांगितलें तर ह्या लेखाची जाहिरात होईल, सबब सांगत नाहीं. कार्तिकी एकादशीस अक्कास पहिल्याच प्रयत्नांत घरचा आवाज सांपडला. गाणें संपतां संपतां पडद्यावर कोणा बाईनें लिहिलें, "तू गंगाखेडची, आमच्या वर्गातली ना?" नायिकेच्या नांवानें ही मैत्रीण कधींच भेटली नसती.

वाचकांस आमचें सांगणें थोडें आहे. नांव लहान असावें, कानास कळावें, लिहितांना एकच रूप निघावें, आंकड्यांवांचून असावें, आणि वारंवार बदलूं नये. पण ह्या सर्वांच्या आधीं, ज्याच्या आवाजासाठीं नांव हवें आहे त्यास विचारावें. आम्हांस विचारावयास चाळीस वर्षें लागलीं. अक्का आतां दूरध्वनीवर सौभाग्यवतीस माहेरच्या नांवानेंच हांक मारते. आम्हीही परवां एकदां मारून पाहिली. तिनें वर पाहिलें, "काय हवंय?" म्हणाली, आणि पुन्हां जोंधळा निवडूं लागली.