एकच चाक तापतंय?

भेडाघाटाहून जबलपूरला परतताना ब्रेक दाबला, की आमची जुनी मारुती ८०० डावीकडे ओढायची. मागे आई अन् मुलं! उतरून पाहिलं, तर पुढचं डावं चाक चटका बसेल इतकं तापलेलं. कॅलिपरचं रबरी डस्ट कव्हर फाटून पावसाचं पाणी शिरलं होतं, पिस्टन गंजून अडकला होता. मेकॅनिक म्हणाला, “ठोक के अंदर कर देते हैं, चल जाएगा.” मी हट्टच धरला. गंज आत राहिला, की पिस्टन पुन्हा अडकणारच! पेडल हळू दाबून पिस्टन बाहेर काढला. त्यावर खड्डे पडलेले, म्हणून सीलसकट नवा घातला. सीलला ब्रेक ऑइलच लावा. साध्या ग्रीसने किंवा रॉकेलने रबर फुगतं. मग लाइनमधली हवा काढली. संध्याकाळी चक्कर मारून हात लावला, तर दोन्ही चाकं सारखीच कोमट.