बटाट्याचं पोट

ऑफिसमधल्या सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ‘तू काहीतरी पाळ.’ कुत्रा आमच्या सोसायटीला चालत नाही, मांजर मला चालत नाही आणि रात्री नऊला घरी पोचणाऱ्या माझ्याकडे तुळससुद्धा टिकत नाही. राहता राहिले मासे. मग एका शनिवारी स्टेशनजवळच्या दुकानातून दोन ओरांडा गोल्डफिश, २० लिटरची टाकी, छोटा फिल्टर, रंगीत खडे आणि खाद्याचा डबा असा संसार मांडीवर घेऊन रिक्षात बसले. गोल गरगरीत होता तो बटाटा आणि पांढरा-गुलाबी तो कांदा. नावं ठेवण्यात मी पहिल्यापासूनच पटाईत!

मंगळवारी रात्री बटाटा जरा जास्तच बटाटा दिसायला लागला. पोट टम्म, हालचाल मंद. मी घाबरून फोन फिरवायला सुरुवात केली.

आई म्हणाली, ‘बेंबीला हिंग लाव.’ माशाला बेंबी नसते, हे तिला सांगेपर्यंत मागून आजीचा आवाज आला, ‘एक-दोन दिवस लंघन घाल म्हणावं त्याला.’ दुकानदार म्हणाला, ‘निळं औषध टाका मॅडम, सगळ्यावर चालतं.’ ऑफिसातला मित्र म्हणाला, ‘वाटाणा दे, पोट साफ होईल.’

मी काय केलं? आजीचं सोडून सगळ्यांचं ऐकलं. निळं औषध ओतलं, वाटाणा उकडला आणि बिचारा मलूल दिसतोय म्हणून वर चिमूटभर जास्त खाद्यही टाकलं.

गुरुवारी सकाळी दात घासता घासता पहिल्यांदाच टाकीत वरून डोकावले. बटाट्याचे खवले अंगापासून सुटून उभे राहिले होते, अगदी पिकलेल्या सीताफळासारखे. शुक्रवारी तो गेला. सहा दिवसांच्या पाहुण्यासाठी कुणी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडतं का? मी रडले.

त्या शनिवार-रविवारी बसून वाचलं, जाणकारांना विचारलं. तेव्हा कळलं की ‘पोट फुगलंय’ हा आजारच नाही, ती नुसती तक्रार आहे. आपलं नाही का, ‘पोटात दुखतंय’ म्हटलं की ते ॲसिडिटीपासून अपेंडिक्सपर्यंत काहीही असू शकतं? तसंच.

साधं कारण म्हणजे बद्धकोष्ठ. गोल्डफिशला आपल्यासारखं जठरच नसतं, सगळा कारभार लांबलचक आतड्यावर. त्यात ओरांडासारख्या गुटगुटीत जातींचं शरीर आखूड, त्यामुळे आतडं दाटीवाटीने बसलेलं. कोरड्या गोळ्या पाण्यात फुगतात आणि आपण प्रेमाने आणखी टाकत राहतो. अशा माशाचं पोट फुगतं, तोल जातो, शेपटी वर होते. पण खवले सपाट असतात आणि खायची इच्छाही बहुधा शाबूत असते.

गंभीर प्रकार म्हणजे ड्रॉप्सी. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकत असतात. जंतूंमुळे किंवा खराब पाण्याच्या ताणाने ती थकली की पाणी अंगातच साठतं आणि खवले उभे राहतात. मासा या टप्प्यावर पोचला की सहसा वाचत नाही.

तिसरा प्रकार गोड. गप्पी किंवा मॉलीची मादी आणली असेल आणि मागच्या बाजूला, शेपटीकडच्या पराजवळ, गडद डाग दिसत असेल, तर ती बाळंत व्हायच्या वाटेवर आहे. तिला औषध नको, डोहाळजेवण घाला! गोल्डफिशची मादीही अंड्यांमुळे फुगते, पण बहुतेक वेळा एकाच बाजूला जास्त.

आणि हे सगळं नव्या माशांच्या बाबतीतच का होतं? तर दुकानातली गर्दी, पिशवीतला प्रवास आणि नवी कोरी टाकी. माशांच्या शरीरातून पाण्यात अमोनिया जातो आणि तो पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मी तर टाकी आणि मासे एकाच रिक्षातून आणले होते. वर ते निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. बुरशीवर ते उपयोगी आहे, पण जे काही चांगले जीवाणू जमू लागले असतील, त्यांनाही ते मारक.

पुढच्या गुरुवारी कांदा फुगला.

या वेळी औषधाच्या बाटलीला हात लावला नाही. आधी वरून पाहिलं. खवले सपाट. दोन्ही बाजू सारख्या. मला बघून काचेशी आला, म्हणजे भूक होती. मग पाणी तपासलं. टेस्ट किट आणलेलंच होतं. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते हिरवंगार झालं. म्हणजे अमोनिया. त्याच रात्री एक तृतीयांश पाणी बदललं आणि पुढे रोज तेवढंच बदलत राहिले. नवं पाणी टाकीतल्याच तापमानाचं आणि नळातलं क्लोरीन घालवणारे थेंब टाकून.

मग आजीचं लंघन. दोन दिवस काहीही नाही. कांदा काचेला नाक लावून असा बघायचा की मला स्वतःचा डबा त्याच्यासमोर उघडवेना. बरोबरीने एप्सम सॉल्ट, म्हणजे केमिस्टकडे मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट, आपलं जेवणातलं मीठ नव्हे. १० लिटरला चहाचा अर्धा चमचा, आधी वाटीत विरघळवून. याने आतडी सैल होतात. तिसऱ्या दिवशी एक वाटाणा, बिनमिठाचा, उकडून, साल काढून, कुस्करून. (तुमच्याकडे फायटर असेल तर वाटाण्याच्या वाटेला जाऊ नका. तो मांसाहारी, त्याला डॅफ्निया द्या.)

चौथ्या दिवशी संध्याकाळी कांद्याच्या मागे एक लांबलचक हिरवी दोरी तरंगत होती. ॲप्रेझलच्या दिवशीसुद्धा मी एवढी खूश झाले नव्हते.

दोरी पांढरी आणि पारदर्शक असती, मासा खात नसता, तर मात्र पोटातल्या परजीवींचा संशय घ्यायचा आणि जाणकाराला विचारूनच औषध द्यायचं. स्वतःच्या मनाने नाही.

आता कांदा १०० लिटरच्या टाकीत राहतो. बेडरूममधलं टेबल त्यासाठी गेलं, लॅपटॉप मांडीवर आला. खाद्य दिवसातून दोनदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच, तेही आधी भिजवून. त्याच्यासाठी सोबती आणलाय. तो सध्या वेगळ्या टबमध्ये आहे आणि चार आठवडे तिथेच राहणार. रोज सकाळी ब्रश तोंडात धरून मी दोघांना वरून बघते.

बटाटा वाचला असता का? सांगता येत नाही. पण त्या मंगळवारी मी चार जणांना फोन केले, दोन औषधं विचारली आणि टाकीकडे मात्र नीट पाहिलंच नाही. काहीतरी करायची एवढी घाई होती मला.

कांदा बरा झाल्याचं कळवायला घरी फोन केला. आजीने घेतला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते ठीक आहे गं. पण परवा तुझंही पोट बिघडलं होतं ना? मग तू घातलंस का लंघन?’