आता ‘पुरे’ म्हणू नका

मुलगी जेवत नाही म्हणून अख्खं घर काळजीत असतं. डॉक्टर होतात, समुपदेशन होतं, हळूहळू ती ताटावर बसू लागते. थोडं वजन वाढतं. आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी म्हणतं, “झालं की आता! उगाच सुटायला नको, उद्या लग्नाचं बघायचंय.” महिला मंडळाच्या कामानिमित्त घराघरांत जाणं होतं, तेव्हा हे वाक्य मी कितीतरी तोंडांतून ऐकलंय. अर्ध्या वाटेवर आलेल्या मुलीला मागे ढकलायला तेवढं पुरतं.

वजन वाढण्याच्या धास्तीनं उपाशी राहणं, म्हणजे ॲनोरेक्सिया, हे काही नखरे नव्हेत. मानसिक आजारांमधल्या सर्वांत जीवघेण्या आजारांत त्याची गणना होते. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. यावर पहिलं औषध अन्नच. ते मोजूनमापून, हात आखडून दिलं तर गुण कसा येणार?

उपासमारीनंतर शरीराला किती लागतं, याचा एक जुना प्रयोग आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पावपट घटलं. स्वभाव चिडका झाला, डोक्यात रात्रंदिवस जेवणाचेच विचार! मग त्यांना पुन्हा खाऊ घालताना कळलं, की बेताचं अन्न देऊन ही माणसं सावरत नाहीत. दिवसाला दोन हजार कॅलरी कमीच पडल्या. कित्येक महिने चार हजारांच्या आसपास लागल्या. नुसती जीवनसत्त्वं आणि प्रथिनं वाढवून भागलं नाही. हे तर निरोगी पुरुष होते, त्यांना जाड होण्याची भीतीही नव्हती.

म्हणून मैत्रिणींनो, बरी होणारी मुलगी जेवून तासाभरात पुन्हा डबे उघडू लागली, तर त्याला हावरेपणा म्हणू नका. शरीर मागची थकबाकी वसूल करतंय. सुरुवातीला पोट फुगतं, गच्च वाटतं, अंगावर सूज येते, वजन आधी पोटावरच दिसतं. तिला वाटतं, आपण बेढब झालो. पुरेसं खाणं चालू राहिलं तर पुढच्या काही महिन्यांत ते सगळ्या अंगावर सारखं पसरतं. मधेच हात आखडला तर आजाराला दार पुन्हा उघडं.

हा हात आखडणं आपल्याकडे साळसूद रूपात येतं. पोळीला तूप नको, दूध बिनसायीचं, रात्री नुसतं सूप. शिवाय गुरुवार, चतुर्थी, नवरात्र आहेतच! उपासाच्या आड हा आजार छान लपतो. आपल्या आज्या-पणज्यांनीही आजाऱ्याला आणि गरोदर बाईला उपासातून मोकळं ठेवलं. या लेकीही आजारीच आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम पोटभर खाऊ घालणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फरससारखं क्षार झपाट्यानं घटून जिवावर बेतू शकतं. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासतच व्हावी. अन्न किती आणि केव्हा वाढवायचं, कुठवर वाढवायचं, हे त्यांनीच ठरवावं. शेजारणीनं नाही आणि वजनकाट्यानंही नाही.

आपलं काम वेगळं. तीन वेळचं जेवण आणि मधल्या वेळचं खाणं चुकू न देणं. तिच्यासोबत बसून तेच खाणं. वरणावर तुपाची धार, दाण्याची चटणी, डिंकाचा लाडू. तिच्या अंगाबद्दल अवाक्षर नाही, अगदी “छान भरलीस” हेसुद्धा नाही. आणि तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवणंही बंद! लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात जी उपचारपद्धत आकाराला आली, तिच्यात मुलीच्या जेवणाची सूत्रं आधी आईवडिलांच्याच हाती देतात. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसला तर सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

हळदी-कुंकवाला कुणी म्हणालंच, “सुटली हो तुमची लेक!” तर ठामपणे सांगा, “सुटली नाही, सावरतेय.” आणि घरी आल्यावर तिच्या ताटात नेहमीइतकंच वाढा.