मोर्चातून सभागृहात

मृणाल गोरे 1961 मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, तेव्हा गोरेगावच्या वस्त्यांना त्यांची ओळख करून द्यावी लागली नव्हती. हंडे घेऊन निघणाऱ्या बायकांचे मोर्चे आणि सभागृहात प्रशासनाला धारेवर धरणे, हे एकाच कामाचे दोन भाग होते. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यातूनच पडले. पुढे 1972 मध्ये विधानसभा आणि 1977 मध्ये लोकसभा त्यांनी गाठली ती या पुण्याईवर. वस्तीतले काम हीच उमेदवारी, असा हा रस्ता होता. आज मुंबईबाहेरच्या शहरांत तो जवळपास बुजला आहे. कार्यकर्ते आळशी झाले म्हणून तो बुजला, असे आम्हाला वाटत नाही. राज्य सरकारने लादलेली बहुसदस्यीय प्रभागपद्धती हे त्याचे मोठे कारण आहे.

पुण्याचेच पाहा. 2025 च्या प्रभागरचनेत 41 प्रभागांतून 165 नगरसेवक, म्हणजे एक प्रभाग सोडला तर सगळे चार सदस्यांचे. 2011 ची जुनी लोकसंख्या धरली तरी एकेका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून अधिक माणसे येतात. दहा-पंधरा गल्ल्यांतला कचरा, ड्रेनेज आणि पाण्याच्या वेळा यांसाठी वर्षानुवर्षे क्षेत्रीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला त्या गल्ल्यांपलीकडे कोण ओळखणार? पक्षाचे चार उमेदवार एकाच पत्रकावर, एकाच खर्चात घरोघर पोहोचतात. अपक्षाला तेवढाच मुलूख एकट्याने पालथा घालावा लागतो. निवडून आल्यावरची गंमत आणखी वेगळी. खड्डा कोणाचा, हे विचारायला गेलेल्या नागरिकाला चौघे एकमेकांचे दार दाखवतात. उलट मुंबईत प्रभाग एकसदस्यीय होते, म्हणूनच 2007 मध्ये जुहूच्या रहिवाशांनी पुढे केलेले अॅडॉल्फ डिसूझा कोणत्याही पक्षाविना निवडून येऊ शकले.

आरक्षणाच्या सोडतीत एकसदस्यीय प्रभाग गेला की कार्यकर्त्याची संधीही जाते, बहुसदस्यीय पॅनेलमध्ये निदान एखादी खुली जागा उरते, असा बचाव केला जातो. सोडतीचा फटका बसतो, हे खरे. पण महिलांच्या 50 टक्के आरक्षणासह मुंबईत एकसदस्यीय पद्धत चालते. मग ती नाशिकला किंवा सोलापूरला का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. दुसरा मार्ग स्वीकृत सदस्यत्वाचा सुचवला जातो. ही जागा जाणकारांसाठी आहे. प्रत्यक्षात ती बहुधा पराभूतांच्या आणि नाराजांच्या पुनर्वसनासाठी वापरली जाते. शिवाय स्वीकृत सदस्याला सभेत मताचा अधिकार नाही. प्रभागातील मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूदही 2009 पासून कायद्यात आहे, पण त्या कागदावरून गल्लीत उतरलेल्या नाहीत.

कार्यकर्त्याने सत्तेच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, तो बाटतो, असे मानणारे बरेच आहेत. ही भीती अगदीच निराधार नाही. टेंडरांच्या वाटणीत विरघळलेली चळवळीतली माणसे या राज्याने पाहिली आहेत. पण बाहेर राहिलेल्या कार्यकर्त्याच्या हाती काय असते? अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का, माहिती अधिकारातले त्रोटक उत्तर आणि फार तर न्यायालयाची तारीख. नगरसेवकाला मात्र अंदाजपत्रकाच्या सभेत एखाद्या जलवाहिनीसाठी तरतूद मागता येते आणि ती नाकारली तर कोणी नाकारली, हे इतिवृत्तात नोंदवून घेता येते. गोरे स्वतः समाजवादी पक्षाच्या होत्या. पक्ष असणे हा दोष नाही. पक्षाच्या तिकिटाखेरीज वाटच न उरणे हा दोष आहे. एकसदस्यीय प्रभाग ही काही जादू नव्हे, मुंबईतही अपक्ष थोडेच येतात. तरीही तिथे दार किलकिले आहे. राज्य सरकारने पुढच्या निवडणुकीची प्रभागरचना हाती घेण्यापूर्वी सर्व महापालिकांना मुंबईचाच नियम लावावा, आणि तसे करायचे नसेल तर त्याचे कारण विधिमंडळात सांगावे.