शौक आणि हिशेब

काही वस्तू जुन्या झाल्या की भंगारात जातात, तर काहींचा भाव जुनेपणामुळेच वाढतो. माझगावकरांना हे वेगळे सांगायला नको. दारूखान्यात वर्षानुवर्षे जहाजे मोडली गेली आणि त्यांचे लोखंड वजनावर विकले गेले. तिथून फार लांब नसलेल्या चोर बाजारात जुने घड्याळ नव्यापेक्षा महाग मिळू शकते. पण पंचवीस वर्षे जुनी स्पोर्ट्स कार या दोहोंपैकी कशात धरायची?

हा प्रश्न आमच्यासमोर आणला आमच्या परिचयाच्या एका आपांनी. त्यांचा मुलगा कमावता आहे, निर्व्यसनी आहे, पण गाड्यांचा शौकीन. त्याच्या मनात सॅन स्टॉर्म भरली आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनलेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी. फायबरची बॉडी, रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन. फार थोड्या बनल्या, म्हणून आज रस्त्यात दिसली की माणसे वळून पाहतात. मुलाचे म्हणणे असे, "अम्मी, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. भाव वाढतच जाणार." आणि पैसे कोणते? धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले.

मुलाच्या शौकाला आम्ही हसत नाही. हाताने बनवलेल्या, दुर्मिळ वस्तूची कदर करणे चांगलेच. पण गुंतवणूक म्हटली की कागद-पेन्सिल घ्यावी लागते.

पहिली गोष्ट भावाची. अशा गाडीचा ठरलेला बाजारभाव नसतो. विकणारा जे मागतो तो भाव नव्हे. घेणारा खरोखर जे मोजतो तो भाव. घेणारे मूठभर असले तर विकायच्या वेळी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. फीची तारीख मात्र थांबत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आणि तीही रोज फिरवण्यासाठी नव्हे. पंचवीस वर्षांची गाडी कायद्याच्या नजरेत वारसा नाही, फक्त जुनी गाडी आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. मग दर पाच वर्षांनी ताडदेवच्या आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीची ही फी ५,००० वरून १०,००० रुपये झाली. परदेशातून आणलेली मोटार असेल तर ८०,०००. पर्यावरण कर वेगळा.

तिसरी गोष्ट विम्याची. १००० ते १५०० सीसीच्या मोटारीसाठी १ जून २०२२ पासून ठरलेला थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४,०३१. पण यात आपल्या गाडीचे नुकसान येत नाही. संपूर्ण विमा घेतला तरी पाच वर्षांपुढील गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. वर सुटे भाग बदलले तर रबर-प्लास्टिकच्या बिलातून ५० टक्के, फायबरच्या बिलातून ३० टक्के आणि दहा वर्षांपुढील गाडीच्या धातूच्या भागांतून ५० टक्के घसारा कापला जातो. तेवढे आपल्या खिशातून.

आता माझगावचे हवापाणी. बंदराकडून येणारी खारी हवा फायबरला गंज चढवत नसली, तरी खालच्या लोखंडाला सोडत नाही. गाडी जमिनीलगत बसणारी, त्यामुळे तुंबलेल्या पाण्याची धास्ती. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा जुन्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावे लागतात. आणि आपल्या चाळींना गाडी उभी करायला जागा कुठे आहे?

आम्ही आपांसमोर हिशेब मांडला. समजा गाडी चार लाखांना मिळाली. वर्षाला नोंदणीचे २,०००, विम्याचे ४,०३१, भाड्याच्या पार्किंगचे महिना ३,००० प्रमाणे ३६,००० आणि गॅरेजचे २५,००० धरले, तर बेरीज ६७ हजारांवर जाते. पाच वर्षांत सुमारे ३ लाख ३५ हजार. म्हणजे नफा दूरच, नुसते मुद्दल परत मिळवायला गाडी ७ लाख ३५ हजारांना विकली गेली पाहिजे. यात पेट्रोल धरलेले नाही, आणि एखादा भाग कुठेच न मिळाल्याने गाडी सहा महिने उभी राहिली तर काय, हेही धरलेले नाही.

जकातीचा मुद्दाही निघाला. स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, पण पुढे विकून नफा कमावण्याच्याच इराद्याने घेतली तर ती व्यापारी माल ठरते आणि दरवर्षी चालू बाजारभावावर जकात निघते. नियत कोणती, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे आणि शंका असेल तर आलिमांना.

ज्यांना शौक पुरा करायचाच आहे त्यांनी एवढे करावे. आरसी, इंजिन आणि चासी नंबर जुळवून पाहावेत. नोंदणीची मुदत आणि कर्जाचा बोजा तपासावा. स्वतःचा मिस्त्री नेऊन गाडी खालून पाहावी. सुटे भाग कुठून मिळतात ते आधी शोधावे. आणि दोन वर्षांचा खर्च वेगळा काढून ठेवल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आपांच्या मुलाला आमचे सांगणे एकच: शौक आपल्या कमाईतून कर, बहिणीच्या फीमधून नको. तिच्या शिक्षणाचे पैसे तुमच्या घरात अमानत आहेत. गाडी आणखी पाच वर्षांनीही मिळेल. कॉलेजच्या प्रवेशाची तारीख मात्र निघून गेली की गेली.